पेटीतला शेंदूर

"बाबा, ही पिशवी आहे," रुचिता म्हणाली. "पर्यटकांची. गळ्यात अडकवायची आणि समुद्रात गुडघाभर पाण्यात उभं राहून दात दाखवायचे. आपला देव काय गुडघाभर पाण्यात आहे?"

किशोरने चष्मा कपाळावर सरकवला आणि लेकीच्या हातातला मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, वर चाप, आणि खाली खूश झालेल्या गिऱ्हाइकांनी वाटलेल्या चांदण्या. काउंटरवर त्याचा जुना छोटा डिजिटल कॅमेरा पडला होता, साबणाच्या वडीएवढा. हळदीच्या गर्दीत मोठा कॅमेरा घेऊन शिरता यायचं नाही तेव्हा तो हाच खिशातून काढायचा.

"मग मोबाइलच द्यावा का पिशवीत घालून?"

"पाण्यात टच चालत नाही, बाबा. कमळूकाका बुडी मारेल आणि खाली नुसता काचेवर बोटं आपटत बसेल."

किशोरने मोबाइल परत दिला. मुरबाडच्या बाजारपेठेत 'रुचिता फोटो स्टुडिओ' त्याने लेकीच्या बारशाला उघडला, आणि आता तीच लेक त्याला शहाणपण शिकवत होती. त्याची त्याला तक्रार नव्हती. तक्रार होती ती स्वतःच्या जिभेबद्दल. किशोर माणूस वाईट नव्हता. फक्त चारचौघांत 'जमणार नाही' एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघत नसत. कोट नसलेल्याला कोट चढवणं, टकलाला केस लावणं, वारलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभं करणं हा त्याचा रोजचा धंदा. त्यामुळे गावच्या बैठकीत वाघदेवाचा विषय निघाला आणि म्हातारे सुस्कारे टाकायला लागले, तेव्हा हा पटकन बोलून गेला, "त्यात काय? आता पाण्याखालचे फोटो निघतात. मी काढून देतो."

किशोर अंगावर पीत होता तेव्हा त्यांचं गाव, करंजपाडं, धरणात गेलं. घरं उठली, गुरं उठली, वाघदेव उठला नाही. हातभर उंचीची शिळा, तिच्यावर कोरलेला वाघ, डोक्यावर चंद्र-सूर्य. त्याला हलवण्याआधी जुन्या माणसांनी कौल लावला होता. शिळेच्या दोन्ही अंगांना ओला तांदूळ चिकटवायचा. उजवा पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. डावा पडला. पुन्हा लावला, पुन्हा डावाच. देव येत नाही म्हणाला आणि माणसं त्याला तिथेच सोडून डोंगराच्या कडेला नव्या वस्तीत आली. घरांना पुढे पत्रे आले, नळ आले, पण देवाला मागे ठेवून आल्याची टोचणी काही गेली नाही.

वैशाखात पाणी उतरलं की वाघदेव वर यायचा. मग सगळं गाव चिखल तुडवत जायचं, त्याला शेंदूर लावायचं आणि त्याच्यापुढे वर्षाचा पहिला आंबा ठेवायचं. एकच बंधन होतं. त्याचा फोटो काढायचा नाही. जो आपल्याबरोबर आला नाही, त्याला फोटोत घालून पळवून आणायचं नाही, असं म्हातारे म्हणत, आणि हातात मोबाइल आलेली पोरंही ते पाळत. किशोरवर तर ते पाळायची वेळच आली नाही. वैशाख म्हणजे लग्नसराई. मिसरूड फुटल्यापासून तो देवाकडे गेलाच नव्हता.

मग धरणाची भिंत वाढवली आणि देव वर येणं कायमचं बंद झालं.

बाकीच्यांनी हळहळ करून आंबे खायला सुरुवात केली. गोदूआत्याने केली नाही. ती किशोरच्या वडिलांची बहीण. नवरा लवकर गेल्यावर माहेरी आली आणि किशोरची आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. देवापुढे ठेवल्याशिवाय तिने जन्मात आंबा तोंडाला लावला नव्हता, आणि आता देवच दिसत नव्हता. यंदा तर तिचं जेवण वाटीभर पेजेवर आलं. अंथरुणावर पडल्या पडल्या ती एकच बोलायची, "येकदा दिसला म्हंजी झालं रे. माजं दुसरं काय मागनं नाय." म्हणून म्हाताऱ्यांनी बंधन बाजूला ठेवायचं कबूल केलं, आणि म्हणून किशोरची जीभ अशी महागात पडली.

पिशवी बाद झाली. त्यानंतर रुचिताने दुसरी एक पिशवी काढली, तिला पुढे काचेचं गोल भिंग होतं. ती बरी वाटली. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ती फार खोल न्यायची नाही, आणि कमळू म्हणाला होता की देव दोन पुरुष खोल पाण्याखाली आहे. उरली ती पेटी. जाड पारदर्शक प्लॅस्टिकची, कडीने घट्ट बसणारी, आतल्या बटणावर बरोबर बाहेरचं बटण येईल अशी. ती ज्या कॅमेऱ्याची त्यालाच लागते, दुसऱ्याला चालत नाही. आणि किशोरच्या कॅमेऱ्याची पेटी कंपनीने केव्हाच बंद केली होती.

शेवटी डोंबिवलीच्या एका निवृत्त गृहस्थांकडे ती सापडली. तरुणपणी मालवणला पाण्यात उतरायचे, आता गुडघे गेले होते. त्यांनी पेटी फडक्यात गुंडाळून ठेवली होती. ती उघडून त्यांनी आतलं काळं रबरी वायसर बोटाने दाखवलं.

"सगळा खेळ याचा. कुकरच्या रिंगसारखंच समजा. याच्यावर एक केस बसला, एक कण बसला, तर पाणी आत येणार. आधी रिकामी पेटी बुडवून बघा, आत कागद ठेवा. कोरडा राहिला की कॅमेरा घाला, घरीच बंद करा, आणि पाण्यातून वर येईपर्यंत उघडू नका. कोणी काही म्हटलं तरी."

"नाही उघडत," किशोर म्हणाला.

घरी येऊन त्याने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पेटी पिंपात बुडवून वर दगड ठेवला. संध्याकाळी काढली तेव्हा आतला कागद खडखडीत कोरडा होता. निघायच्या सकाळी वायसर पुसून, त्याला बोटभर वंगण लावून, कॅमेरा आत बसवून त्याने कडी लावली. चष्म्याचं मऊ फडकं आठवणीने खिशात टाकलं. कधी नव्हे ते त्याने एक काम मनापासून नीट केलं होतं.

धरणाच्या काठावर सगळं गाव जमलं होतं. गोदूआत्याला टेम्पोतून खाटेसकट आणलं होतं. कमळू कातकरी तराफा घेऊन तयार होता. तो धरणात जाळं लावायचा. जुन्या करंजपाड्याच्या आंब्याच्या खोडात त्याचं जाळं नेहमी अडकायचं, आणि देव त्या खोडाच्या अंगालाच होता. कमळूला सगळ्यात वयस्कर मंगळूआजोबांनी बजावून सांगितलं होतं, "फकस्त फोटू काडायचा. हात नाय लावायचा देवाला." पूर्वीही कमळूची माणसं देवाला यायची, पण लांब उभी राहायची. कमळूने मान डोलावली.

किशोर तराफ्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात मंगळूआजोबा म्हणाले, "थांब. कौल नको का लावाया? त्याला इचारल्याबिगर फोटू कसा काडशील?"

"लावा की," किशोरने पेटी पुढे केली.

"डबीला लावून काय उपेग? डबी काय फोटू काडती? मशीनला लावाया पायजे."

किशोर थबकला. डोंबिवलीचे शब्द त्याच्या कानात होते. नाही म्हणायचं होतं, एवढंच. पण सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. पोरं मोबाइलवर त्याचंच चित्रण करत होती. आणि खाटेवरून गोदूआत्याने हात पुढे केला होता. बोटांवर तेलात कालवलेला शेंदूर, शेंदरात माखलेले दोन तांदूळ. त्याने कडी काढली आणि कॅमेरा आत्याकडे तोंड करून उघड्या पेटीवर धरला.

आत्याने कॅमेऱ्याच्या दोन्ही अंगांना तांदूळ चिकटवले. ते करताना तिचं बोट कुठेतरी बटणावर दाबलं गेलं आणि कॅमेऱ्याने टिचकी वाजवली. सगळे श्वास धरून बसले. उजवा तांदूळ सुटला आणि पेटीत पडला.

"उजवा! उजवा दिला!" एकच गलका झाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मंगळूआजोबांनी नारळ फोडला.

किशोरने पेटी उपडी करून झटकली आणि कॅमेरा परत आत बसवला. वायसरच्या कडेला शेंदराचं बोट उमटलेलं त्याला दिसलं. स्वच्छ दिसलं. फडकं खिशात होतं. पण सगळ्या गावासमोर, ज्या शेंदराने देवाने होकार दिला तोच फडक्याने पुसून काढायचा? त्याने अंगठा फिरवल्यासारखं केलं, कडी लावली आणि हसून पोरांच्या मोबाइलकडे बघितलं.

खोडाजवळ तराफा थांबला. कमळूने पेटी छातीशी धरली आणि तो खाली गेला. वर आला, दम घेतला, पुन्हा गेला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा तो तराफ्याला धरून नुसता लोंबकळत राहिला. किशोरच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, कुनाला सांगू नका. खाली काय पन दिसना. निस्ता गढूळ. म्हून हात फिरवला, तवा घावला. मोप टायम बटन दाबलाय, पन हात लागला माजा. सांगू नका."

किशोरने पेटी हातात घेतली. ती जड लागली. आत पाणी होतं, निम्म्याच्या वर, आणि त्या पाण्यात शेंदूर पसरून ते नारिंगी झालं होतं. कॅमेरा त्यात आडवा पडला होता. किशोरने अंगावरचा टॉवेल काढून पेटीवर टाकला.

काठावरून मंगळूआजोबा ओरडले, "दिसला काय रे?"

तिथे खरं सांगता आलं असतं. पण मग कोणी म्हटलं असतं कौलाने घात केला, कोणी म्हटलं असतं देवाला नकोच होतं, आणि खाटेवरच्या म्हातारीच्या बोटांना शेंदूर अजून ओला होता. हे सगळं किशोरने नंतर स्वतःला ऐकवलं. त्या क्षणी त्याच्या मनात एवढंच आलं की इतक्या माणसांसमोर आपलं हसं होईल.

"दिसला!" तो ओरडला.

स्टुडिओत येऊन त्याने शटर अर्धं ओढलं आणि पेटी उघडली. वायसरच्या खाचेत तांदळाची एक कणी चपटी होऊन बसली होती, शेंदरासकट. कॅमेरा गेलाच होता. कार्ड पुसून, वाळवून त्याने कॉम्प्युटरला लावलं, आणि ते चाललं. पाण्याखालचे सगळे फोटो होते, पण नुसते हिरवे-काळे; कुठे बुडबुडे, कुठे कमळूचा अंगठा. देव कुठेच नव्हता. सगळ्यात पहिला फोटो मात्र लख्ख होता. काठावर आत्याचं बोट बटणावर पडलं तेव्हाचा. तिचा वाकलेला चेहरा, शेंदराची बोटं, आणि डोळ्यांत एवढी आशा की किशोरला तो बघवेना. त्याने तो बंद केला.

मग त्याने तेच केलं जे त्याला येत होतं.

जुन्या लग्नांच्या फोल्डरमध्ये शहापूरकडचं एक लग्न होतं, तानसाच्या बाजूच्या एका पाड्यावरचं. तिथेही हळदीआधी नवरा-नवरी वाघदेवाच्या पाया पडतात. नवरा-नवरी किशोरने पुसून टाकली. राहिला देव. त्याच्यावर हिरवा रंग चढवला, कडा धूसर केल्या, वरून उजेडाची तिरीप सोडली, चार बुडबुडे टाकले. काम झकास जमलं. तेवढ्यात रुचिता शटरखालून वाकून आत आली. तिने पडद्याकडे बघितलं, मग टॉवेलवर वाळत ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

"बाबा, हा तर..."

"म्हातारीचे किती दिवस राहिलेत?" किशोर तिच्याकडे न बघता म्हणाला. "दोन घास खाईल गं ती."

रुचिता शटरखालून वाकून तशीच बाहेर गेली. नेहमी ती बोलायची, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

फ्रेम गावात गेली तेव्हा आत्याच्या घराची ओटी माणसांनी भरली होती. कोणी हळद-कुंकू आणलं होतं, कोणी नारळ. आत्याच्या उशाशी परसातला पहिला पिकलेला आंबा वाटीत ठेवला होता. किशोरने फ्रेम तिच्यासमोर धरली. तिने हात जोडले. बराच वेळ ती बघत राहिली, आणि बघता बघता तिचे हात खाली आले.

"तोंड फिरवलं त्यानं," ती म्हणाली.

"काय?"

"तवा असा हिकडं बगायचा. जुन्या वस्तीकडं. आता तिकडं बगतोय." तिने मंगळूआजोबांकडे पाहिलं. "तुमी तरी सांगा. हिकडं व्हतं ना तोंड?"

मंगळूआजोबांनी आल्या आल्याच ते ओळखलं होतं. ते खाली बघत म्हणाले, "हिकडंच व्हतं."

फोटो खोटा असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. किशोर आपला, घरचा. त्याने देव पाण्यातून काढून आणला होता. त्यापेक्षा देवाने पाठ फिरवली हे त्यांना जास्त खरं वाटलं, कारण त्याची धास्ती त्यांना इतकी वर्षं होतीच.

"आमी टाकून आलो त्याला," आत्या म्हणाली. "मंग त्यानं काय करायचं? त्यानं बी टाकलं." तिने आंब्याची वाटी हाताने लांब सारली आणि ती कुशीवर वळली.

किशोर घामाघूम झाला. एवढा मोठा कारागीर, आणि वाघ कुठे बघतो हे त्याला ठाऊक नव्हतं. एक बटण दाबलं असतं तर वाघ इकडचा तिकडे झाला असता. परतताना गाडीवर त्याच्या डोक्यात आधी हाच विचार आला, की उद्या दुसरा फोटो छापून आणावा, हा उलटा छापला गेला म्हणून सांगावं. मग त्या विचाराचीच त्याला शिसारी आली. ज्या बाईने आपल्या तोंडचा घास काढून त्याला भरवला, तिला तो एका बटणाने गुंडाळायला निघाला होता.

तरीही तो गेला नाही. लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. तो दुकानात बसून लोकांना कोट घालत राहिला. गावाकडून बातम्या येत राहिल्या. बायकांनी उपास धरलेत. देवाची शांत करायची म्हणून बैठक बसली. आणि मग रुचिता आत्याला भेटून आली, ती स्टुडिओच्या दारातच उभी राहिली.

"आजी पेजही घेत नाहीये, बाबा. मला म्हणाली, माझ्यामुळं झालं. गाव उठलं त्या वेळी कौलाचा तांदूळ तिने वाटीत भिजवला होता म्हणे, लहानपणी कोणी बघत नाही असं बघून त्यातला एक खाल्ला होता. म्हणून देव आला नाही, म्हणते. लहान कुठली, बाबा? तेव्हा ती तुम्हाला कडेवर घेऊन फिरत होती. तिला आता काहीही आठवतंय. जे स्वतःवर घेता येईल ते सगळं आठवतंय."

किशोरने शटर ओढलं आणि गाडीला किक मारली.

आत्या डोळे मिटून पडली होती. फ्रेम समोरच्या खुर्चीवर ठेवली होती, हार वाळलेला. किशोर खाटेशेजारी जमिनीवर बसला, पोरपणी बसायचा तसा.

"आत्या, हा आपला देव नाही."

तिने डोळे उघडले.

"हा दुसऱ्या गावचा आहे. तानसाकडचा. मी त्याला हिरवा रंग लावला. मी खोटं बोललो. पेटीत पाणी गेलं आणि आपल्या देवाचा फोटो आलाच नाही."

"पानी कसं गेलं?"

खाचेतली कणी किशोरच्या डोळ्यांपुढे आली, शेंदरात माखलेली. आत्याचं ते बोट दिसलं.

"मी नीट बंद केली नाही," तो म्हणाला. "पुसायला पाहिजे होती, ती पुसली नाही. माझी चूक." आणि हे बोलताना त्याच्या लक्षात आलं की यात एक अक्षरही खोटं नाही.

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"म्हंजी त्यानं तोंड नाय फिरवलं?"

"नाही. त्याने नाही फिरवलं."

तिने एक मोठा श्वास सोडला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. "मंग माजा देव कसा हाय? कुनाला दिसला का न्हाय?"

किशोर घुटमळला. कमळूला त्याने शब्द दिला नव्हता, पण कमळूने विश्वास टाकला होता. दुसऱ्याचं गुपित फोडून आपली सुटका करून घ्यायची हाही एक पाजीपणाच होता. पण म्हातारीच्या हातात द्यायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"दिसला नाही कोणाला," तो म्हणाला. "कमळूचा हात लागला."

कमळूला बोलावणं गेलं. तो आला तो अंगणातच थांबला, कंबरेचा पंचा चाचपत. किशोरकडे त्याने एकदाच पाहिलं, आणि किशोरने मान खाली घातली.

"आत ये," आत्या म्हणाली.

"नको आजी, हितंच बरा हाय. माजी चूक जाली. दिसना काय, म्हून हात लावला. पन वाईट मनानं नाय लावला."

"आत ये रे. मला वरडाया व्हत नाय."

तो उंबरठ्याच्या आत आला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. आत्याने त्याला हाताने खुणावून खाटेजवळ बसवलं आणि त्याचा उजवा हात ओढून घेतला. जाळ्याच्या दोरीने चिरलेला, पाण्याने पांढरा पडलेला हात.

"कुठल्या हातानं लावला? ह्याच?"

"व्हय."

"तोंड कुठं व्हतं त्याचं?"

कमळूने डोळे मिटले. त्याचा हात तिच्या गोधडीवरून हळूहळू फिरला. इथे चंद्र, इथे सूर्य. इथे पाठ. मग शेपूट. मग मान, आणि मानेपुढे तोंड. "हिकडं," तो म्हणाला. "आंब्याच्या खोडाकडं. त्या अंगाला भिताडं लागत्यात पायाला, घरांची."

"वस्तीच ती," आत्या म्हणाली. "आमची वस्ती. अजून तिकडंच बगतोय. गार व्हता का रे?"

"मोप गार, आजी."

तिने कमळूचा तळवा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ती तो चोळायला लागली. थंडीत पोराचे हात चोळतात तसा. कमळूला काय करावं कळेना, म्हणून तो तसाच बसून राहिला. मग तिने तो तळवा उचलून आपल्या डोळ्यांना लावला, एकदा या, एकदा त्या. वाटीतला आंबा चाचपून घेतला आणि त्याच्या हातात ठेवला.

"आदी तुजा हात," ती म्हणाली. "मंग मी खाईन."

किशोर उठला. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं आणि असावं असंही त्याला वाटलं नाही. तो दारापर्यंत गेला तेव्हा मागून आत्याचा आवाज आला.

"किसू, त्यो फोटू हितं नको ठेवू. ज्यांचा हाय त्यांच्याकडं नेऊन दे. ती मानसं वाट बगत असतील त्याची."

त्यांचा देव उचलताना त्याच्या पाया पडणारी त्यांची नवरा-नवरी पुसून टाकली होती, हे तिला कुठून ठाऊक असणार? पण किशोरला ठाऊक होतं. त्याने वाळलेला हार काढला आणि फ्रेम काखेत घेतली.

अंगणात गाडीच्या मागच्या सीटवर तो ती दोरीने बांधत होता, तेवढ्यात मंगळूआजोबा आले. मागे पाच-सात बाया, हातांत नारळ, कोणाच्या ताटात दिवा. शांत करायचा दिवस आजचाच ठरला होता. गाडीवरची फ्रेम बघून सगळे जागच्या जागी थांबले. मंगळूआजोबांनी चपला काढल्या. बायांनी डोक्यावरून पदर घेतले. एकेक करून सगळ्यांनी दुसऱ्या गावच्या त्या वाघाला वाकून हात जोडले, तोंड परत फिरव म्हणून.

किशोर दोरीचं टोक हातात धरून उभा होता. खुशाल गाडी सुरू करून निघून जाता आलं असतं. आत्या काही कोणाला सांगायला जाणार नव्हती. आतून तिचा आवाज येत होता, ती कमळूला पुन्हा विचारत होती, तोंड कुठं होतं म्हणून.

त्याने दोरी सोडली.

"आजोबा, चपला घाला," तो म्हणाला. "हा आपला नाय."